दिनविशेष, तिसऱ्या इनिंगच्या आधी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कोणीतरी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. आजवरचे बहुतेक अनुभव एकाच घाटाचे आहेत. सर्व्हर कोसळतो, सगळे घाबरतात आणि लेखक तो पुन्हा उभा करतो. टेक्सासच्या अर्विंगमध्ये, आयटीवाल्यांच्या गावात राहायचं म्हणजे दुसरं काय होणार! त्यामुळे यंदा संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधीच सांगून टाकलं, की माझ्या लेखात एकही सर्व्हर कोसळणार नाही, फार तर एकदा स्टेडियमचे दिवे जातील. ते म्हणाले, "चालेल काकू. तसंही तुम्ही नेमकं काय काम करायच्या ते मला अजून कळलेलं नाही."

यात त्यांची चूक नाही. माझ्या नवऱ्याला, सुधीरलाही, ते बरीच वर्षं कळलं नव्हतं. पार्टीत कोणी विचारलं की तो "ती बेसबॉलमध्ये आहे" एवढंच सांगायचा आणि समोरचा माणूस माझ्या गुडघ्यांकडे बघायचा.

तर काम असं. अर्विंगपासून गाडीने अर्ध्या तासावर एका गावात छोटं स्टेडियम आहे आणि त्या गावाची एक छोटी व्यावसायिक टीम आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर रणजीच्याही एक पायरी खाली, पण पगारी. त्यात खेळणारी पोरं मोठ्या लीगमधून बोलावणं येण्याची वाट बघत असतात. घरच्या प्रत्येक सामन्यात, नऊ छोट्या इनिंगांपैकी तिसरी सुरू व्हायच्या आधी, खेळाडू मैदानात जागा बदलत असताना मोठ्या स्कोअरबोर्डवर दोन ओळी झळकायच्या. पूर्वी कधीतरी याच तारखेला बेसबॉलमध्ये काय घडलं होतं, ते त्यात असे. आमचा अनाउन्सर गस आपल्या खर्जातल्या आवाजात त्या वाचायचा. लोक थोडं "ओह" करायचे आणि पुन्हा हॉट डॉगकडे वळायचे. त्या दोन ओळी मी लिहायची. शिवाय टीमच्या वेबसाइटवर सीझन असो नसो, रोज एक.

हे काम मला मिळालं कसं, तर नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नसायची, त्या काळात मी घरी बसून दुपारी बेसबॉल बघायला लागले. सुरुवातीला फक्त आवाज हवा म्हणून. मग लक्षात आलं की हा खेळ आपल्या कसोटीसारखाच निवांत आहे, मध्ये उठून कणीक मळून आलं तरी काही बिघडत नाही. आणि बेसबॉलवाल्यांना भूतकाळाचा भारी सोस. चेंडू टाकायच्या आधी पिचर नाक खाजवत असतो तेवढ्यात कॉमेंट्री करणारा त्याच्या आजोबांच्या काळातली गोष्ट सांगून मोकळा होतो. त्या गोष्टी माझ्या डोक्यात साठत गेल्या. पुढे कामाचा परवाना आला तेव्हा मी त्या स्टेडियमच्या तिकीट खिडकीवर बसायला लागले, आणि वर प्रेस बॉक्समध्ये, अनाउन्सर आणि बोर्डवाल्यांच्या खोलीत, ही जागा निघाली तेव्हा अर्ज केला.

मुलाखतीत विचारलं, असं काम पूर्वी केलंय का? मी म्हटलं, हो, सातवीपासून.

खोटं नव्हतं ते. नागपूरला आमच्या शाळेत बाईंच्या खोलीबाहेर एक फळा होता. त्यावर रोज सकाळी वरती सुविचार आणि खाली 'आजचा दिनविशेष' लिहायचा. माझं अक्षर बरं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी शाळा सोडेपर्यंत कोणाला दिलं नाही. अमुक यांची जयंती, तमुक यांची पुण्यतिथी, या दिवशी असं असं झालं. प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं तो वाचायची की नाही कुणास ठाऊक. पण फळा कोरा असला तर मात्र सगळ्यांच्या लक्षात यायचं.

आमचा मॅनेजर ब्रेंट, वयाने माझ्या मुलीएवढा. 'वसुधा' त्याच्या जिभेवर बसेना म्हणून मी तिथे सगळ्यांची 'मिस व्ही' झाले. त्याने पहिल्याच दिवशी मला नियम सांगितले. कोणाचं मरण नको, कारण लोक इथे मजा करायला येतात. आपल्या टीमची हार नको. आणि गसला एका श्वासात वाचता आलं पाहिजे. मी मनात म्हटलं, मरण नको म्हणजे दिनविशेषाचा अर्धा साठाच गेला की! आपल्याकडे पुण्यतिथ्या वजा केल्या तर फळ्यावर काय उरतं सांगा.

या नियमांत मी माझा एक घातला. दोन पुरावे असल्याशिवाय काही लावायचं नाही. एका वर्तमानपत्रात आलंय, एका वेबसाइटवर दिसलं, कोणाच्या तरी काकांनी सांगितलं, असलं काही मी बोर्डावर जाऊ देत नसे. ब्रेंटला हा नियम इतका आवडला की पुढे तो स्वतःच दुसऱ्यांना सांगायचा. आणि नियम करायला कारण होतं. कारण खाली बसलेलं असायचं.

ते म्हणजे एक निवृत्त डेंटिस्ट. प्रेस बॉक्सच्या बरोबर खाली त्यांची कायमची खुर्ची. अंगाने बारीक, डोक्यावर रंग उडालेली टोपी, आणि बेसबॉलची पुस्तकं तोंडपाठ. माझ्या दोन ओळी गसने वाचल्या की ते सावकाश उठायचे, मागे वळायचे, तोंडाशी हाताचा कर्णा करायचे आणि वर बघून ओरडायचे, "करेक्शन!" मग अख्खा स्टँड वर बघायचा. घरी आम्ही त्यांना करेक्शनकाका म्हणायचो. बरोबर असलेलं त्यांनी कधी बरोबर म्हटलं नाही. ते नुसते बसून राहिले, की समजायचं पास झालो. एका वर्षी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती खुर्ची बरेच दिवस रिकामी राहिली. मला करमेना. शेवटी मी त्यांना 'लवकर बरे व्हा' असं कार्ड पाठवलं आणि त्यात मुद्दाम एक चुकीचा दिनविशेष घातला. कार्ड पोचलं त्याच दिवशी फोन आला. हॅलो नाही, काही नाही, थेट "करेक्शन!" आवाज अगदी खणखणीत होता. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

त्यांना सर्वांत मोठा घास मिळवून दिला तो सुधीरने. माझी सगळी टिपणं तारखेप्रमाणे लागावीत म्हणून त्याने हौसेने एक प्रोग्राम लिहून दिला. पुण्याचा इंजिनिअर, इतकी वर्षं इथे काढली, पण हात शेवटी आपलाच. इथे तारखेत महिना आधी लिहितात आणि याने दिवस आधी धरला. एप्रिलमध्ये सीझन नुकताच सुरू झाला होता आणि बोर्डावर झळकलं, की आजच्या दिवशी एका टीमने अंतिम फेरी जिंकून विजेतेपद पटकावलं. ते ऑक्टोबरमधलं होतं. करेक्शनकाका उठले, पण त्यांना हसूच इतकं यायला लागलं की शब्द फुटेना. शेवटी म्हणाले, "लेडी! वुई जस्ट स्टार्टेड!" घरी गेल्यावर सुधीर म्हणतो, "अगं, लॉजिक करेक्ट आहे, फॉरमॅट तुमचा राँग आहे."

हिवाळा फार वाईट. बेसबॉल झोपलेला आणि वेबसाइटला रोज काहीतरी हवंच. मग कोणाचा जन्म, कोणाची या टीममधून त्या टीममध्ये बदली, असलं कोरडं वाढावं लागायचं. फेब्रुवारीच्या एकोणतीस तारखेची तर मी चार-चार वर्षं आधीपासून काळजी करायची. सुधीर म्हणायचा, एवढी काळजी तू माझ्या ग्रीन कार्डाची केली नाहीस.

आता दिवे जातात ती गोष्ट. तिच्यासाठी बेसबॉलचा एक विचित्र नियम समजून घ्यावा लागेल, तो सांगते.

कधी सामना मध्येच थांबवावा लागतो. दिवे गेले, वादळ आलं, काहीही. अशा वेळी तो जिथे थांबला तिथेच गोठवून ठेवतात, आणि त्या दोन टीम पुढे कधी भेटतील तेव्हा त्याच चेंडूपासून पुढे खेळतात. मध्ये काही आठवडेही जाऊ शकतात. पण अधिकृत नोंदीत अख्ख्या सामन्याला तारीख एकच, तो सुरू झाला त्या दिवसाची. गंमत अशी, की सुरू झाला तेव्हा जो खेळाडू टीममध्ये नव्हताच, तो नंतरच्या भागात खेळू शकतो. मग नोंदीत तो अशा दिवशी खेळलेला दिसतो, ज्या दिवशी तो त्या शहरातही नव्हता.

स्टेडियमच्या त्या गावात वेंडल म्हणून एक वयस्क गृहस्थ होते. शाळेच्या बसेस दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण तरुणपणी ते थोडे दिवस मोठ्या लीगमध्ये खेळले होते. फार थोडे दिवस. त्यात त्यांनी एकच होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, आपल्या षटकारासारखा. पण त्या एका होमरनने सामना जिंकला होता. ब्रेंटला हे कळलं तेव्हा तो हरखून गेला. आपल्याच गावातला माणूस! होमरनच्या तारखेला, जूनमध्ये, आपला घरचा सामना होता. त्याने लगेच ठरवलं, की त्या दिवशी वेंडलला बोलवायचं, बोर्डावर नाव झळकवायचं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मला म्हणाला, "मिस व्ही, हे तुमचं आजवरचं बेस्ट कार्ड होणार."

आमंत्रण गेलं, आणि त्यानंतर एका दुपारी तिकीट खिडकीवरून मला निरोप आला, की एक बाई 'दिवस लिहिणाऱ्या बाईंना' भेटायला आल्यात.

त्या वेंडलच्या पत्नी, लोरेटा. टेक्सासच्या पद्धतीने सगळे त्यांना मिस लोरेटा म्हणत. केस नीट सेट केलेले, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली. माझ्या खोलीत बसल्या, चहा नको म्हणाल्या आणि सरळ विषयाला आल्या.

"हनी, ते कार्ड लावू नका."

मला वाटलं, संकोच असेल. मी म्हटलं, "अहो, एवढी अभिमानाची गोष्ट आहे."

"अभिमान मलाही आहे. पण तुम्ही लावताय ना, त्या तारखेला आमचं लग्न झालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या दिवशी वेंडल खालच्या लीगमध्ये होता आणि लग्नासाठी रजा घेऊन गावी आला होता. त्याच दिवशी लांबच्या एका शहरात मोठ्या लीगचा एक सामना सुरू झाला आणि दिवे गेल्यामुळे अर्धा राहिला. नंतर वेंडलला वरून बोलावणं आलं. ऑगस्टमध्ये त्या दोन टीम पुन्हा भेटल्या, अर्धा राहिलेला सामना पुढे सुरू झाला, वेंडलला बॅटिंगला पाठवलं आणि त्याने तो होमरन मारला. नोंद झाली जूनमधल्या तारखेची. लग्नाच्या दिवसाची.

"जन्मभर मी त्याची थट्टा केली," लोरेटा म्हणाल्या. "प्रत्येक पार्टीत सांगायचे, माझा नवरा मला चर्चच्या दारात सोडून बेसबॉल खेळायला पळाला, विश्वास नसेल तर पुस्तकात बघा. सगळे हसायचे. सर्वांत जास्त तोच हसायचा."

आणि आता ती थट्टा अंगाशी आली होती. वेंडलची स्मरणशक्ती जात चालली होती. नातवाने फोनवर त्याचं खेळाडूचं पान लावून दिलं होतं आणि तो रोज सकाळी ते वाचायचा. बाकी सगळं पुसलं गेलं तरी बेसबॉल शिल्लक होता, आणि पानावर लिहिलेलं तो खरं मानायचा. लग्नाचा फोटो दाखवला तर म्हणायचा, मुलगा माझ्यासारखा दिसतोय, पण मी कसा असेन, मी तर त्या दिवशी मॅच खेळत होतो.

"परवा सकाळी," त्या म्हणाल्या, "त्याने मला कॉफी ओतून दिली. फार अदबीने. आणि विचारलं, 'मॅम, तुमचे मिस्टर कुठे असतात?'"

हे सांगताना त्या हसल्या. पर्सवरचे हात मात्र घट्ट झाले होते.

"बोर्डावर एवढ्या मोठ्या अक्षरांत ते आलं, गसने ते वाचलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की संपलं. मग माझं लग्न गेलं म्हणून समजा."

एवढ्या वर्षांत माझ्या दोन ओळींनी कोणाचं काही जाईल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मी ब्रेंटकडे गेले. तो वाईट मुलगा नाही, त्याचा चेहराच उतरला. पण स्पॉन्सरला सांगून झालं होतं, जाहिरात गेली होती. मी म्हटलं, ऑगस्टमध्ये लावू, खरा होमरन तेव्हाच झाला. तो म्हणाला, "ऑगस्टच्या त्या आठवड्यात आपण बाहेरगावी आहोत. आणि अधिकृत तारीख जून आहे. आपण रेकॉर्ड बुक चूक आहे असं म्हणायचं? डेंटिस्ट मला सोलून काढेल." मग थोडं थांबून म्हणाला, "कॅन्सल करू का सगळंच?"

ते लोरेटांनी मागितलंही होतं. पण मला ते पटेना. कॅन्सल केलं तरी वेंडल दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडणारच होता. शिवाय लोरेटा जाताना दारात थांबून हळूच म्हणाल्या होत्या, "टाळ्या त्याला आवडल्या असत्या."

अशा घोळात असताना आईचा नागपूरहून फोन आला. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला. माझ्या लायसन्सवरचा वाढदिवस वेगळा, आईचा वेगळा. तिच्या लेखी मी ज्येष्ठ शुद्ध पंचमीची. ती इंग्रजी तारीख मानतच नाही, त्यामुळे दर वर्षी तिचा फोन येईल तो माझा वाढदिवस. मी थँक्यू म्हटलं तर ती म्हणाली, "आवाज असा का येऊन राहिला तुझा? काय झालं बाई?"

मी तिला सगळं सांगितलं. बेसबॉलचं तिला ओ की ठो कळत नाही, पण नियम ऐकून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"मग त्यात काय नवीन आहे?" ती म्हणाली. "सूर्योदयाला जी तिथी असेल ती दिवसभराची. मग ती सकाळी साडेनऊला का संपेना. तुझंच बघ नं, पंचमी सकाळीच संपली होती, तू झालीस दुपारी. खरं तर षष्ठी लागलेली. तरी तू पंचमीचीच."

"म्हणजे मी खोट्या दिवशी वाढदिवस करते?"

"खोटा काहून? तिथी दिवसाची असते. त्या दिवसात काय काय झालं ते वेगळं. पंचमीला तू झालीस, आणि त्याच दिवशी शेजारच्या काकूंची गाय हरवली होती. दोन्ही खरं आहे. दिनविशेष लिहायचीस नं तू फळ्यावर? एका तारखेला एकच गोष्ट होती का कधी?"

नव्हती. एकाच तारखेच्या खाली जयंतीही असायची, पुण्यतिथीही असायची आणि एखादं धरणही सुरू झालेलं असायचं. सामन्याची तिथी जूनची, हे खरंच होतं. त्या दिवशी दुसरंही काही घडलं होतं, एवढंच बोर्डावर राहून जात होतं. मी आईला म्हटलं, मी नंतर फोन करते. ती म्हणाली, "आधी काहीतरी गोड कर."

गोड राहिलं. मी लिहायला बसले आणि जे झालं ते इंग्रजीत होतं, त्याचं मराठी साधारण असं:

'आजच्या दिवशी एक सामना सुरू झाला आणि दिवे गेल्यामुळे अर्धा राहिला. पुढे वेंडलने होमरन मारून तो जिंकून दिला. आज मात्र तो मैदानावर नव्हता. आज त्याचं लोरेटाशी लग्न लागत होतं.'

ब्रेंटने ते दोनदा वाचलं. बुकात चूक काढलेली नव्हती, तारीख अधिकृत होती, स्पॉन्सरचंही काही बिघडत नव्हतं. तो म्हणाला, "एका श्वासात बसत नाही." गस कोपऱ्यात सँडविच खात होता. तो म्हणाला, "मी बसवतो." मग ब्रेंटने माझ्याकडे मिश्कील नजरेने बघितलं. "आणि मिस व्ही, लग्नाला पुरावे किती?"

लोरेटांनी लग्नाचा दाखला दाखवला होता. तो एक. त्या स्वतः घरच्याच, त्यांची साक्ष मी धरली नसती. लग्नाला आलेल्यांपैकी आता कोणी राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "एक."

"नियम तुमचाच आहे."

"दुसरा मी शोधून देईन," मी म्हटलं. कुठून देणार होते कोण जाणे. त्याने खांदे उडवले आणि कार्ड पास केलं.

लोरेटांना मी फोनवर ते वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग त्या म्हणाल्या, "तो काय वाचेल, त्याचा होमरन की माझं नाव?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. येतो आम्ही."

सामन्याच्या दिवशी टेक्सासचा जून जसा असतो तसा होता, खुर्च्यांचं लोखंड हाताला चटके देत होतं. मी पहिल्यांदाच प्रेस बॉक्स सोडून खाली बसले, त्या दोघांच्या शेजारी. वेंडल उंच, ताठ, शर्टाचं वरचं बटण लावलेला. डाव्या हाताने शेंगा सोलत होता आणि दर वेळी पहिला दाणा लोरेटांपुढे धरत होता. "मॅम," म्हणून. आणि आमच्या बरोबर मागच्या रांगेत कोण? करेक्शनकाका. त्यांची कायमची जागा ती, मी विसरूनच गेले होते. त्या माणसाला प्रत्येक सामन्याची नोंद पाठ होती. 'तो मैदानावर नव्हता' हे ऐकलं की ते उठणार, कर्णा करणार आणि नोंदीप्रमाणे वेंडल त्या दिवशी खेळला होता हे सगळ्या स्टेडियमला सांगणार. इतकी वर्षं मी ज्याला घाबरले ते आज, नेमकं आजच होणार असं मला वाटलं. त्यांना आधी काही सांगावं तर दुसरी इनिंग संपली होती.

बोर्ड उजळला. वेंडलचा तरुणपणीचा फोटो आला, आणि माझ्या ओळी. गसने वाचायला घेतलं. त्याने एक श्वास घेतला तो इतका लांब, की माइकमधून सगळ्यांना ऐकू आला. तो सावकाश वाचत गेला. होमरनपाशी टाळ्या सुरू झाल्या. 'आज मात्र तो मैदानावर नव्हता' इथे त्या थबकल्या. मग शेवटचं वाक्य आलं आणि लोक असे ओरडले की मला आजही ऐकू येतं.

माझ्या मागे खुर्ची करकरली. करेक्शनकाका उठले होते. सवयीने चार लोकांनी माना वळवल्या. मी डोळे मिटून घेतले. काकांनी हाताचा कर्णा केला असावा, कारण आवाज नेहमीसारखाच खणखणीत आला.

"करेक्ट!"

मी वळून बघितलं तर त्यांनी टोपी काढून छातीशी धरली होती. पुढे बाकीचेही उठले. ब्रेंट म्हणाला होता तसं सगळं स्टेडियम उभं राहिलं.

वेंडल मात्र बसलेलाच होता. बोर्डाकडे बघत. ओठ हलत होते, तो एकेक शब्द वाचत होता. लोरेटांनी त्याच्याकडे बघितलंही नाही, त्या समोर मैदानाकडे बघत होत्या. कार्ड बोर्डावरून गेलं, जाहिरात आली, तरी तो तिथेच बघत राहिला. मला वाटलं, नाही झालं. होमरनच वाचला त्याने.

मग त्याने शेंगांची पिशवी खाली ठेवली आणि लोरेटांचा हात हातात घेतला. उजवा. त्याची बोटं उलटसुलट करून बघितली. तो सोडला, वाकून डावा घेतला, आणि तिथली लग्नाची अंगठी अंगठ्याने चाचपली.

"मी डावखुरा ना," तो म्हणाला, "चुकीच्या हातात घालत होतो. पाद्रीबुवा हसले."

लोरेटांनी दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला. मग त्या म्हणाल्या, "यू डिड, वेंडल. सगळं चर्च हसलं होतं."

"फार गरम होत होतं," तो म्हणाला.

त्यांनी ही अंगठीची गोष्ट मला सांगितली नव्हती. दाखल्यावर ती नव्हती, फोनवरच्या पानावर तर असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याची आठवण परत आली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी ओतताना त्याने काय विचारलं, ते मी लोरेटांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण त्या संध्याकाळी, तिसरी इनिंग सुरू होऊन संपली तरी, तो हात त्याने सोडला नव्हता. मी मान वळवून मुकाट रडून घेतलं. मागून करेक्शनकाकांनी आपला रुमाल पुढे केला.

आता तो दिनविशेष राहिला नाही. मी निवृत्त झाले, इनिंगमधला वेळ कमी झाला, आणि त्या जागी टाको आणि ढोबळी मिरचीचे पोशाख घातलेली माणसं मैदानात शर्यत लावतात. पोरांना आवडतं. मीही परवा बघून हसले. पण त्या वेळी बोर्ड कोरा दिसतो ते मला अजून खुपतं, शाळेचा फळा कोरा राहिल्यासारखं.

त्या संध्याकाळी मी वर प्रेस बॉक्समध्ये गेले तेव्हा ब्रेंट खिडकीशी उभा होता. खाली काय झालं ते त्याला दिसलं होतं, ऐकू आलं नव्हतं. मी जाऊन माझ्या खुर्चीत बसले.

"ब्रेंट," मी म्हटलं, "दुसरा पुरावा मिळाला."

"कोण?"

"नवरदेव."